बारावे चित्र

सैन्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी मराठीच्या प्राध्यापकाने करून घ्यावी, ही गोष्ट ऐकणाऱ्याला विनोदी वाटण्याचा संभव आहे. सुरुवातीला मलाही ती तशीच वाटली होती. आमचे महाविद्यालय माणदेशाच्या कडेला, तालुक्याच्या गावी आहे. पहाटे फिरायला बाहेर पडलो की अंधारातच डांबरी रस्त्यावर भरतीची पोरे धावताना भेटतात. एकजण दगडावर बसून मोबाइलवर वेळ मोजत असतो आणि बाकीचे सोळाशे मीटरचे अंतर पुन्हापुन्हा कापत असतात. आमच्याकडे ‘भरती’ म्हटले की ती कशाची, असे कोणी विचारत नाही. पण ही जवानांची भरती. अधिकारी होण्यासाठी वेगळी परीक्षा असते आणि तिच्यासाठी केवळ छाती व पाय पुरत नाहीत, याची माहिती गावात फार थोड्यांना असते. ज्यांना असते तेही ‘ते साहेब लोकांचं काम’ म्हणून विषय सोडून देतात.

२०२२च्या दिवाळीनंतर आमच्याच आवारातील कनिष्ठ महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. बारावी शास्त्र शाखेची. हातात दोनशे पानी वही, वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेले वर्तमानपत्राचे कात्रण. ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुलींना एन.डी.ए.च्या परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली आणि २०२२च्या उन्हाळ्यानंतर पहिल्या १९ मुली खडकवासल्याला दाखल झाल्या, त्याची ती बातमी होती. ती म्हणाली, “सर, गणिताचं मी बघते. पण तिथं गोष्टी लिहायला लावतात म्हणे. तुम्ही गोष्टी शिकवता ना?”

एम.ए.च्या वर्गाला अनेक वर्षे कथनमीमांसा शिकवणाऱ्या माणसाच्या कामाचे इतके सोपे आणि इतके अचूक वर्णन त्यापूर्वी कोणी केले नव्हते. मी हो म्हणालो. हो म्हणण्याला आणखी एक कारण होते. ते मी तिला सांगितले नाही. त्याकडे पुढे येतो.

*

गोष्टींच्या आधी लेखी परीक्षा असते. तिचे गणित समजून घेतल्याशिवाय तिची तयारी करता येत नाही. दोन पेपर असतात आणि प्रत्येकाला अडीच तास मिळतात. गणिताचे १२० प्रश्न आणि ३०० गुण. सामान्य क्षमता चाचणीचे १५० प्रश्न आणि ६०० गुण. या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २०० गुण, उरलेले विज्ञान, इतिहास, भूगोल आणि घडामोडींचे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक-तृतीयांश गुणांचा दंड. म्हणजे गणितात बरोबर उत्तराचे अडीच गुण आणि चुकले की ०.८३ वजा.

आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी खडूने फळ्यावर मांडून दाखवले. चार प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली, तर सरासरीने एक बरोबर येणार, तीन चुकणार. मिळाले अडीच, गेले जवळजवळ अडीच. हाती शून्य. पण चारपैकी एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढे जरी ओळखता आले, तरी हिशेब बदलतो. अशा तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चुकीचे धरले तर अडीच मिळतात आणि १.६६ जातात. काहीच माहीत नसताना केलेल्या अंदाजाला किंमत नाही. थोडे माहीत असताना केलेल्या अंदाजाला आहे. दोन पर्याय खोडता आले तर उत्तर लिहिलेच पाहिजे, एकही खोडता आला नाही तर पुढे गेलेच पाहिजे. म्हणून पेपर तीन फेऱ्यांत सोडवायचा. पहिल्या फेरीत हमखास येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत खोडाखोड करून हाती लागणारे, तिसऱ्या फेरीत उरल्या वेळात रेंगाळलेले. गणितात एका प्रश्नाला ७५ सेकंद, दुसऱ्या पेपरात एक मिनिट. जो प्रश्न दोन मिनिटे खातो, तो आपल्याबरोबर आणखी एक प्रश्न खातो.

हे सगळे तिला एका दुपारी समजले. अंगवळणी पडायला तीन महिने लागले. प्रश्न सोडून देणे तिला जमेचना. सरावाच्या प्रत्येक पेपरात ती १२०च्या १२० प्रश्नांना हात घालायची आणि दंडापायी मिळवलेले गुण घालवून बसायची. मी चिडलो तेव्हा म्हणाली, “सर, रिकामं कसं सोडायचं?” त्यांच्या घरी दोन एकर जिरायत आहे. शेंगा काढून झाल्यावर मातीत राहिलेली एकेक शेंग वेचण्यासाठी सगळे घर पुन्हा रानात उतरते. रिकामे सोडायचे नाही, हाच त्या घराचा कायदा. त्या मुलीला मी सोडून देण्याची विद्या शिकवत होतो. अखेरीस आकड्यांनीच तिची समजूत घातली. गेल्या काही वर्षांत लेखी परीक्षेत पुढे जाण्यासाठी लागलेले गुण ९००पैकी ३००च्या आसपास राहिले आहेत. सुमारे एक-तृतीयांश. ती वहीत लिहून घेत म्हणाली, “म्हणजे दोन भाग सोडले तरी चालतं?” चालते, फक्त कोणते दोन भाग सोडायचे हे कळले पाहिजे.

इंग्रजीच्या उताऱ्यांसाठी मी तिला एकच गोष्ट शिकवली, जी मी माझ्या वर्गातही शिकवतो. उताऱ्यात जे आहे तेवढेच उत्तरात. विषय आपल्या ओळखीचा असला की आपण आपली माहिती उताऱ्यावर लादतो आणि बरोबर दिसणारा चुकीचा पर्याय निवडतो. संहितेशी प्रामाणिक राहा, हा उपदेश आमच्या क्षेत्रात फार जुना आहे. त्याला चार गुण मिळतात आणि तो न पाळल्यास १.३३ कापले जातात, हे मात्र मला नवीन होते.

एप्रिल २०२३मध्ये तिने पुण्याच्या केंद्रावर लेखी परीक्षा दिली. निकालात तिचा क्रमांक होता.

*

यापुढची पायरी म्हणजे सेवा निवड मंडळ, सर्वांच्या तोंडी असलेले एस.एस.बी. लेखीचे ९०० गुण आणि या मुलाखतीचेही ९००. मुलाखत म्हणजे पाच दिवसांचा मुक्काम. पहिल्या दिवशी चाळणी होते आणि पुष्कळ उमेदवार त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसतात. उरलेल्यांच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या, पुढे मैदानातली सामूहिक कामे, दीर्घ व्यक्तिगत मुलाखत आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे उमेदवाराकडे वेगवेगळे पाहतात आणि आपापली मते कॉन्फरन्समध्ये समोरासमोर ठेवतात. त्यासाठी तिथे रूढ असलेले शब्द आपल्या ओळखीचे आहेत: मनसा, वाचा, कर्मणा. लिहिण्यात मन, मुलाखतीत वाचा, मैदानात कर्म. तिन्ही ठिकाणी माणूस एकच निघतो की नाही, हे पाहायचे.

साहित्याच्या अभ्यासकाला थांबवणारा दिवस दुसरा. त्या दिवशी साठ शब्द एकामागून एक दाखवतात. प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे. साठ प्रसंग देतात आणि अर्ध्या तासात त्या प्रसंगी तुम्ही काय कराल ते लिहून मागतात. स्वतःविषयी, म्हणजे आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याबद्दल काय म्हणतात आणि आपण काय म्हणतो, याविषयी पंधरा मिनिटांत लिहून घेतात. आणि यांच्या आधी, सकाळी, बारा चित्रे दाखवतात. चित्र तीस सेकंद पाहायचे आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. आधी काय घडले, आता काय चालले आहे, पुढे काय होईल. अकरा चित्रे धूसर, करड्या रंगातली असतात. बारावे कोरे. त्यावर आपल्या मनातली गोष्ट लिहायची.

या चाचणीचा जन्म हार्वर्डच्या मानसशास्त्रीय चिकित्सालयात झाला. १९३५मध्ये क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. मॉर्गन स्वतः चित्रकार होत्या, काही चित्रे त्यांच्याच हातची. पण पुढे १९४३च्या प्रकाशित संचावर नाव राहिले ते एकट्या मरे यांचे. मरे यांच्याविषयीची एक गोष्ट आपल्या वर्तुळात फारशी बोलली जात नाही: ते हर्मन मेलव्हिलचे निस्सीम वाचक होते. त्याच्या चरित्रासाठी त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे खर्ची घातली आणि त्याच्या ‘पिएर’ या कादंबरीला विस्तृत प्रस्तावना लिहिली. लेखक आपल्या पात्रांत स्वतःला लपवतो आणि लपवतानाच उघडा पडतो, हे ज्ञान त्यांना प्रयोगशाळेइतकेच ग्रंथालयातही मिळाले असावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तवार्ता संघटनेसाठी माणसे निवडताना ते या कामात होते. ब्रिटिशांनी १९४२मध्ये अधिकारी निवडण्यासाठी मंडळे सुरू केली आणि १९४३मध्ये देहरादूनला तसे पहिले मंडळ प्रयोगादाखल उभे राहिले. एस.एस.बी.ची सुरुवात तिथली.

हे सगळे मी तिला उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग गोष्ट लिहायची कशी?”

*

इथे मी चुकलो. ती चूक मांडण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

परीक्षेसाठी गोष्ट कशी लिहावी याची पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात आणि शिकवणी वर्गांच्या तोंडी ठरलेले नियम असतात. नायक उमेदवाराच्याच वयाचा हवा. त्याच्यासमोर अडचण हवी. त्याने ती स्वतः सोडवली पाहिजे. गोष्टीत मृत्यू नको, अपयश नको, भांडण नको. शेवट गोड हवा. शक्य तर नायकाचा सत्कार व्हावा. मी ही पुस्तके आणवली, वाचली आणि मनातल्या मनात हसलो. वर्गात ज्या गोष्टींची मी टर उडवली असती, त्या गोष्टींचा हा साचा होता. पण हसून झाल्यावर मी तोच साचा तिच्या हाती दिला. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न होता. माझ्या वाङ्मयीन अभिरुचीसाठी तिने किंमत का मोजावी, असा विचार मी केला. तो तेव्हा मला उदारपणाचा वाटला होता.

सरावासाठी मी एक चित्र दिले होते. पाण्याचा काठ, काठावर दोन-तीन आकृती, पाण्यात काहीतरी अस्पष्ट. तिने लिहिलेली गोष्ट अशी: पाझर तलावावर शेळ्यांना पाणी पाजायला आलेली मुलगी पाहते की एक लहान मुलगा पाण्यात घसरला आहे. तिला पोहता येत नाही. ती आधी जवळच्या रानात काम करणाऱ्या दोघांना हाक मारते, मग धावत जाऊन शेळीच्या गळ्यातली दोरी आणि स्वतःची ओढणी एकत्र गाठ मारून मुलाकडे फेकते. दोरी अपुरी पडते. तेवढ्यात ती माणसे येतात, एकजण बैलाचा कासरा घेऊन येतो. मुलगा बाहेर निघतो. मग ती त्याच्या आईला निरोप धाडते आणि शेळ्या मोजते. एक कमी भरते. ती शेळी शोधायला जाते.

मी लाल शाई घेतली. नायिका कमकुवत दिसते, असा शेरा लिहिला. हाक मारणे म्हणजे दुसऱ्यावर विसंबणे. दोरी अपुरी पडते हे अपयश. शेळी हरवण्याचे तर प्रयोजनच नाही. “अगं, तिला सरळ उडी मारू दे ना,” मी म्हणालो. “चार मिनिटांत एवढा पसारा कशाला?” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बरं सर.” पुढच्या सगळ्या गोष्टींतल्या मुली उड्या मारू लागल्या. कुणी पाण्यात, कुणी आगीत, कुणी धावत्या बसमधून. सगळ्यांचे सत्कार झाले. शेळ्या गोष्टींतून नाहीशा झाल्या.

पावसाळ्यात तिला बोलावणे आले. ती तिच्या मामाबरोबर रेल्वेने गेली. चाळणीतून पार पडली, पाचही दिवस राहिली आणि शेवटच्या दिवशी ज्यांचे चेस्ट नंबर पुकारले गेले त्यांत तिचा नव्हता. निवड का झाली नाही याचे कारण मंडळ कोणाला सांगत नाही. ती त्यांची पद्धतच आहे. त्यामुळे माझ्या सल्ल्यामुळेच ती गेली, असे मी म्हणू शकत नाही. गेली नाही, असेही म्हणू शकत नाही.

परत आल्यावर ती भेटायला आली. मैदानातल्या कामांविषयी भरभरून बोलली. फळी, दोर, पिंप यांच्या साहाय्याने सगळ्या गटाने अडथळा पार करायचा असतो. ते काम तिला फार आवडले होते. “त्यात सर, एकट्यानं काहीच होत नाही. कुणीतरी फळी धरावीच लागते.” मग थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “सर, मी पेपरात उडी मारली. मला पोहता येत नाही.”

त्या संध्याकाळी मी तिची जुनी वही पुन्हा उघडली. अधिकाऱ्याच्या अंगी हवेत असे पंधरा गुण एस.एस.बी.साठी ठरलेले आहेत. ते पुस्तकात छापलेले होते आणि मीच तिला पाठ करायला लावले होते. त्यांत धैर्य आहे, निर्णयाचा वेग आहे. पण सहकार्य आहे, संघटनक्षमता आहे, जबाबदारीची जाणीव आहे. ज्या मुलीला आपल्याला पोहता येत नाही हे माहीत आहे, जी आधी हाक मारते, हाताशी काय आहे ते पाहते, इतरांना कामाला लावते आणि संकट टळल्यावर शेळ्या मोजते, तिच्या गोष्टीत हे सगळे गुण आयते होते. ती गोष्ट परीक्षेच्या दृष्टीनेही चांगली होती. वाङ्मय म्हणून तर ती निःसंशय चांगली होती; ती हरवलेली शेळी आमच्याकडच्या एखाद्या नामवंत कथाकाराला सुचली असती तर मी तिच्यावर अर्धा तास व्याख्यान दिले असते. उतारा वाचताना संहितेशी प्रामाणिक राहा, असे तिला सांगणारा मी, तिची संहिता मात्र बाजारातल्या साच्याशी ताडून वाचत होतो.

*

आता ते दुसरे कारण. २००१ साली मी स्वतः एका निवड मंडळासमोर उभा राहिलो होतो. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, गणिताला घाबरणाऱ्या मुलासाठी सी.डी.एस. परीक्षेतला चेन्नईच्या अकादमीचा मार्ग सोयीचा होता. त्यात गणिताचा पेपर नसतो. लेखी पार पडली. पाच दिवस राहिलो. अकरा चित्रे झाली आणि बारावे आले. पांढरा पडदा. त्याच्यासाठी प्रत्येकजण एक गोष्ट घरून तयार करून आणतो. माझीही तयार होती: एक तरुण गावात रक्तदान शिबिर भरवतो, अडथळे येतात, तो ते दूर करतो, जिल्हाधिकारी त्याची पाठ थोपटतात. मी आयुष्यात रक्तदान केलेले नव्हते. गोष्ट मात्र साडेतीन मिनिटांत लिहून झाली आणि उरलेले अर्धे मिनिट मी पडद्याकडे पाहत बसलो.

त्या अर्ध्या मिनिटात मला माझे वडील दिसले. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते तालुक्याच्या बँकेत जात. काउंटरमागचा कारकून माझ्या वयाचा असे. वडील त्याच्यासमोर हात सरळ, टाचा जुळवून उभे राहत. तो वर न पाहता ‘थांबा’ म्हणे आणि ते तसेच थांबत. मी साहेब होण्यासाठी इथे का आलो, याचे खरे उत्तर त्या काउंटरपाशी होते. ते लिहायला अर्धे मिनिट पुरले नसते. तशी हिंमतही झाली नसती.

शेवटच्या दिवशी नंबर पुकारले. ज्यांची निवड होते ते वैद्यकीय तपासणीसाठी थांबतात आणि उरलेल्यांना बस स्टेशनवर सोडते. बसमध्ये कोणी बोलत नव्हते. मी घरी पोचलो तेव्हा वडील अंगणात होते. माझ्याकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, “गाडीला गर्दी होती का?” मी म्हणालो, होती. पुढच्या वर्षी मी एम.ए. मराठीला नाव घातले.

त्या वेळी खरे लिहिले असते तर निवड झाली असती, असे मला वाटत नाही. तेवढे अर्ध्या मिनिटात कळण्याजोगे ते नव्हते. पण एवढे नक्की की त्या दिवशी त्या खोलीत माझे वडील होते आणि मी त्यांच्या जागी एक जिल्हाधिकारी बसवला. बावीस वर्षांनी एका मुलीच्या वहीतली शेळी मी त्याच हाताने खोडली.

*

सप्टेंबर २०२३च्या परीक्षेतही ती लेखीत उत्तीर्ण झाली. या वेळी आम्ही वेगळ्या रीतीने बसलो. गोष्टी शिकवणे मी बंद केले, फक्त पाहणे शिकवले. तीस सेकंदांत चित्रात किती माणसे आहेत, त्यांची वये काय, कोण कोणाकडे पाहते आहे, हात कुठे आहेत. जे दिसते ते आधी. गोष्ट त्यातून निघेल. चार मिनिटांची विभागणी मात्र घड्याळाने केली: पूर्वपीठिकेला दोन वाक्ये, मधल्या कृतीला बहुतेक सगळा वेळ, शेवटाला दोन वाक्ये. शेवट गोड हवा असे नाही. पण गोष्ट कुठेतरी पोचली पाहिजे. अर्धवट राहिलेली चांगली गोष्ट परीक्षकाच्या उपयोगाची नाही.

शब्दांच्या चाचणीत खरी अडचण भाषेची निघाली. शब्द इंग्रजीत दिसणार, मनात वाक्य उमटणार मराठीत, लिहायचे पुन्हा इंग्रजीत. पंधरा सेकंदांतले सात या ये-जा करण्यात संपत. पहिल्या खेपेला तिने त्यावर उपाय म्हणून सुभाषितवजा वाक्ये पाठ केली होती: कष्टाने यश मिळते, एकीत बळ असते. मी विचारले, “‘अलोन’ म्हटल्यावर खरोखर काय आठवतं?” ती म्हणाली, “रात्री पाण्याच्या पाळीला आई एकटी जाते ते. लाइट रात्रीच असते ना, सर.” मग आम्ही ठरवले की वाक्य पाच शब्दांचे असले तरी चालेल, व्याकरण साधे असले तरी चालेल, पण ते तिच्या रानातले असावे. ‘आई रात्री एकटी पिकाला पाणी देते’ एवढ्याचे इंग्रजी तिला सात सेकंदांत येत होते. सुभाषिताला दहा लागत होते.

हे करत असताना एक शंका मला सोडत नव्हती आणि ती तिलाही आली असावी. खरे लिहा, म्हणजे निवड होईल, असे म्हटले की खरेपणा हीसुद्धा एक युक्ती होऊन बसते. उडी मारणारी मुलगी काढून तिच्या जागी दोरी फेकणारी मुलगी बसवली, तर साचा बदलला एवढेच. या शंकेवर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच सुचले की निवडीबद्दल मी तिला काही आश्वासन देऊ नये. ते मी दिले नाही.

दुसऱ्या खेपेलाही तिचा नंबर पुकारला गेला नाही. वयोमर्यादा संपण्यापूर्वी तिने तिसऱ्यांदा लेखी परीक्षा दिली. ती थोड्या गुणांनी हुकली. मे २०२५मध्ये खडकवासल्याहून पहिल्या १७ मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा ती आमच्याच महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या संचलनाचे चित्रण तिने माझ्या स्टाफरूममधल्या संगणकावर पाहिले आणि शेवटपर्यंत काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

निघताना मी तिला विचारले, की दुसऱ्या वेळी बाराव्या चित्रावर काय लिहिलेस? इतके दिवस ते विचारायचे राहून गेले होते. ती म्हणाली, “विहिरीतली मोटर जळाली होती, ते. चौघं मिळून वर काढतात. आई वरून दोर किती उरला ते सांगत असते. काही घडत नाही सर त्यात. मोटर वर येते, एवढंच.”

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना सी.डी.एस.ला बसता येते. मुलींसाठी त्यातून वाट चेन्नईचीच आहे, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर. म्हणजे जी वाट मी धरली होती तीच. शेवटच्या वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावर ती अर्जाची माहिती घेऊन आली. वही नवी होती. कात्रण जुन्या वहीतून काढून नव्या पुठ्ठ्याला लावलेले होते. तिने विचारले, “सर, या खेपेला गोष्टींचं काय करायचं?”

मी म्हणालो, “गोष्टींचं तू बघ. उताऱ्यांचं मी बघतो.”